फराळाच्या डब्यांचे सोनेरी टॅग

यंदा दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवर नावाचे टॅग बांधायचे, असं इंद्रभाननं ठरवलं, तेव्हाच शालूबाईनं त्याला अडवायला हवं होतं. पण ती बिचारी अनारसे तळत होती, आणि अनारसे तळताना बायको नवऱ्याकडे पाहत नाही, हे तीस वर्षांच्या संसारात त्याला पक्कं कळलं होतं.

दुकानातले टॅग त्याच्या मनास येईनात. (कारकून माणूस, ऑफिसात आलेल्या पाकिटाची उलटी बाजूसुद्धा तो वाया जाऊ देत नसे.) तेवढ्यात त्याला माळ्यावरचा गठ्ठा आठवला. राजकुमारच्या, म्हणजे पोराच्या, लग्नाच्या पन्नासेक पत्रिका उरल्या होत्या. लाल जाड कागद, कोपऱ्यात भरगच्च सोनेरी वेलबुट्टी. मग काय, कात्री सुरू! बारा पत्रिकांचे तेवढे कोपरे कापले, भोक पाडलं, रेशमी दोरा ओवला, वेलबुट्टीच्या बाजूला स्केचपेननं नाव.

"पाह्य बरं, कशी कलाकुसर केली!"

"मस्त हो," शालूबाई न पाहताच म्हणाली. "पण धाड गावचा डबा पयले पाठवा. त्यात मी वीस अनारसे रचले. जाऊबाईनंच शिकवले होते मले. दोन वर्षं झाली, एक शब्द बोलल्या नाहीत. हे खाऊन तरी..."

जाऊबाई म्हणजे सत्यभामाबाई, धाडला शेती करणाऱ्या थोरल्या भावाची, पंजाबरावांची बायको. राजकुमारच्या पत्रिकेत 'आपले नम्र' खाली अठरा नावं छापली होती, पार मलकापूरच्या साडूसकट, आणि नेमकं सख्ख्या थोरल्या भावाचंच नाव नव्हतं. "प्रेसवाल्यानं गाळलं," असं इंद्रभान तेव्हापासून सांगत आला होता. पंजाबराव आणि सत्यभामाबाई लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. आपल्याकडे याहून मोठा निषेध नाही.

डबा काळीपिवळी जीपनं धाडकडे रवाना झाला. दुपारी दुसऱ्या डब्यावर टॅग बांधताना शालूबाईनं तो सहज उलटला.

"बाप्पा! हे काय कापलं तुम्ही?"

मागच्या बाजूला ठळक अक्षरांत 'आपले नम्र', आणि खाली तीच यादी. दुसरा टॅग उलटला, तिसरा उलटला. अकराही टॅगांवर तेच.

"म्हंजे ज्या यादीनं घर तुटलं, तीच यादी रेशमी दोऱ्यानं बांधून पाठवली! आता त्या या जन्मात आपल्या घरची पायरी चढत नाहीत." शालूबाई रडायलाच लागली.

इंद्रभाननं गाडीला किक मारली ती थेट धाडला. सत्यभामाबाई ओट्यावर बसल्या होत्या. डबा उघडा, अर्धा अनारसा तोंडात. इंद्रभाननं डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही.

"वहिनी, त्या टॅगच्या मांगचं वाचू नका! आन् वाचलं असंन तं माफ करा! मुद्दाम नाही केलं, उरलेल्या पत्रिका कापल्या हो! आन् प्रेसवाल्याचाबी काही दोष नाही. प्रूफ मीच तपासलं होतं. दादाचं नाव माह्याच नजरेतून सुटलं, आन् सांगाची हिंमत नाही झाली. चूक माही हाय!"

सत्यभामाबाईंनी अनारसा शांतपणे गिळला.

"भाऊजी, मी तं चष्माच लावला नाही. त्याच्या मांग काही लिहेल हाय, हे मले तुमच्याकडूनच समजून राह्यलं."

(इतका सोयीचा गुन्हेगार पोलिसांनाही मिळत नसेल.)

मग त्यांनी पंजाबरावांकडून आतून चष्मा आणवला, टॅग डोळ्यांपाशी धरला आणि वाचता वाचता एकदम हसत सुटल्या. "अहो, आमचं तं नव्हतंच, पण तुमच्या नावावर तुम्ही भोक पाडलं! वरून दोरा ओवला!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वर्षं वाट पाह्यली, कोणीतरी येईन आन् 'चुकलं' म्हणंन. अर्धा राग अनारशानं गेला होता, बाकीचा तुम्ही घालवला. शालूले सांगा, आम्ही भाऊबीजेले येतो."

इंद्रभानला इतकं हलकं वाटलं की त्याला तिथंच रडू फुटलं. पंजाबरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

रिकामा डबा परत द्यायची रीत नाही, म्हणून सत्यभामाबाईंनी त्यात शेव भरली, जुन्या कॅलेंडरचा तुकडा फाडून त्यावर 'शालू' लिहिलं आणि सुतळीनं बांधून दिला.

घरी पोचताच त्यानं ऐटीत जाहीर केलं, "मिटवून आलो! येऊन राह्यले ते!" प्रूफाची भानगड तेवढी त्यानं गाळली. (नाव गाळण्यापेक्षा हे सोपं.) शालूबाईचा चेहरा असा उजळला की त्याला स्वतःचा अभिमान वाटला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून त्यानं डब्याकडे हात नेला.

पण शालूबाईनं आधी टॅग उलटला. मागं बॉलपेननं लिहिलं होतं: 'चूक प्रेसवाल्याची नव्हती, तुह्या मालकाची होती. त्याहीले यातली शेव देऊ नको.'

तिनं ते दोनदा वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा उचलून फडताळात ठेवला. जाऊबाईंचं म्हणणं तिनं इतकं मुकाट्यानं ऐकल्याची तीस वर्षांतली ही पहिलीच वेळ होती.