शटरची शाळा

कुतूहल नसतं तर माणूस अजून झाडावरच बसला असता, हे बब्रुवानरावांचं ठाम मत होतं. ते त्यांनी रविवारी सकाळी साडेसातला चहा घेताना पत्नी मथुराबाई आणि मुलगी शिवांजली यांच्यापुढं मांडलं, आणि लगेच चमच्याच्या दांड्यानं गॅरेजच्या शटरचा रिमोट उचकटला. आतली बटणाएवढी बॅटरी उडाली ती थेट चहात पडली.

रिमोटला काही झालेलं नव्हतं. कालपर्यंत तो दाबला की धाराशिवातल्या त्या गल्लीत गडगडाट व्हायचा आणि शटर वर जायचं. पण शटरला आपलाच रिमोट कसा ओळखू येतो, हा प्रश्न बब्रुवानरावांना चार महिन्यांपासून छळत होता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. पाणी कुठून निघतं, कुठं पोचतं आणि मध्येच कुठं जातं, हे बघण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला अशी गोष्ट नुसती वापरून समाधान होत नाही.

बॅटरी त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसली. चहाच्या ओलीनं गंजू नये म्हणून आतल्या पितळी पट्टीवर करडीच्या तेलाचे दोन थेंब सोडले. बैलगाडीच्या आसापासून शिलाई मशीनपर्यंत त्यांच्या घरात सगळं करडीच्या तेलावर चालत आलं होतं. रिमोट मात्र त्यानंतर चालला नाही.

"दुसरा दिवस न्हवता का तुमाला?" मथुराबाई म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी लोहाऱ्याला नातीचं बारसं होतं. सुनेचं माहेर तिथलं. मुलगा कुलदीप आदल्या दिवशीच पुढं गेला होता. साडेबाराच्या आत बाळ पाळण्यात घालायचं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे शिवांजलीचा. नाव मात्र आजोबांनी निवडलेलं होतं: सृष्टी. ते पहिल्यांदा कानात सांगितलं जाईल तेव्हा आपण पाळण्यापाशी असायचं, एवढी एकच इच्छा बब्रुवानरावांनी धरली होती. आणि गाडी, झबली, चांदीचे वाळे, आहेराची भांडी, सगळं रात्रीच भरून शटरच्या आत ठेवलं होतं.

शटर बसवणारा मेकॅनिक रविवारचा तुळजापूरला दर्शनाला गेलेला निघाला. मोटर नसताना शटर हातानं वर घ्यायची एक किल्ली होती. महत्त्वाची वस्तू कुलपात असावी म्हणून बब्रुवानरावांनी ती गाडीच्या डॅशबोर्डात ठेवली होती. गॅरेजला बाजूनं एक दारही होतं. ते आत उघडायचं, आणि त्याला आतून सोयाबीनची बावीस पोती टेकलेली होती. भाव वाढेपर्यंत हलवायची नाहीत, असं त्यांनीच ठरवलं होतं.

मग शिवांजली स्कूटीवरनं बाजारात जाऊन नवा रिमोट घेऊन आली. सोबत एक कागद होता. बब्रुवानरावांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"अप्पा, मी सांगते. नवा रिमोट शटरला शिकवावा लागतो. मोटरच्या डब्यावर एक बारकं बटण हाय, ते दाबायचं. दिवा लुकलुकला की दहा सेकंदांत रिमोट दोनदा दाबायचा. पयल्यांदा दाबलं की शटर त्याला वळखतं, दुसऱ्यांदा दाबलं की उघडतं."

"आन् मोटरचा डबा कुठाय?"

"आत."

तरी वाट निघाली. मागच्या भिंतीत, बरोबर त्या डब्याच्या वर, एक झरोका होता. बब्रुवानराव टेबलावर स्टूल ठेवून चढले आणि आंबे उतरवायची काठी त्यांनी आत घातली. मथुराबाईंनी स्टूल धरलं. शिवांजली रिमोट घेऊन पुढं शटरपाशी उभी राहिली. पहिल्या खेपेला बब्रुवानरावांनी बटण नीट दबावं म्हणून चांगलं पंधरा सेकंद दाबून धरलं. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं की दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबलं तर शटर आजवरचं सगळं विसरतं. तसं ते विसरलं.

दुसऱ्या खेपेला दिवा लुकलुकला.

"दाबू का?" पुढून शिवांजलीनं विचारलं.

"थांब. आधी बघू दी, लाल हाय का हिरवा."

हिरवा होता. ते समजेपर्यंत दहा सेकंद संपले.

तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं. नेमक्या त्याच वेळी समोरचे चन्नबसप्पा सोलापूरला जायला बाहेर पडले. दोघांनी एकाच दुकानातनं, दोन घेतो म्हणून भाव पाडून, जोडीनं शटरं घेतली होती. चन्नबसप्पांनी आपला रिमोट दाबला. त्यांचं शटर वर गेलं. बब्रुवानरावांच्या शटरनं तोच रिमोट ओळखून घेतला आणि दिवा विझवला. शिवांजलीनं हातातला रिमोट दाबदाब दाबला, पण वर्ग सुटला होता.

चन्नबसप्पांनी गाडी बाहेर काढली आणि शटर लावायला पुन्हा रिमोट दाबला. त्यांचं शटर खाली आलं आणि समोरचं गडगडत वर गेलं.

"काय बब्रुवानराव, माझ्यावर सोडलंय व्हय तुमचं दार?"

बब्रुवानराव स्टुलावरून उतरून धावत आले. शिवांजलीनं आधी आपली गाडी बाहेर घेतली. मग चन्नबसप्पांनी बब्रुवानरावांचं शटर लावून द्यावं म्हणून रिमोट दाबला, तसं ते बंद झालं आणि त्यांचं स्वतःचं उघडलं. पुन्हा दाबला, तर उलट. पाच वेळा दाबून दोघांची खात्री पटली की एकाचं दार लागल्याशिवाय दुसऱ्याचं उघडत नाही, आणि दोन्ही एकदम काही लागत नाहीत. बब्रुवानरावांना ही भानगड इतकी आवडली की त्यांनी सहाव्यांदा दाबून बघायला सांगितलं.

"मला सोलापूरला कोर्टाची तारीख न्हाय, पण लग्न हाय," चन्नबसप्पा म्हणाले, आणि आपलं शटर लावून निघून गेले.

सव्वादहा झाले होते. उघड्या शटराआड बावीस पोती सोडून जाणं शक्य नव्हतं.

"तुमी निघा," बब्रुवानराव म्हणाले. "आता डबा हाताशी हाय. पाच मिनिटांत शिकवतो आन् एसटीनं येतो."

गाडी वळणाआड गेली आणि लाईट गेली. शटर हातानं ओढून घ्यायला किल्ली हवी होती. ती डॅशबोर्डात बसून लोहाऱ्याला निघाली होती.

वेळ काढायला बब्रुवानरावांनी मोटरचा डबा जवळून बघितला. शिकवायच्या बटणाशेजारी आणखी दोन बटणं होती. एकावर वर जायचा बाण होता, एकावर खाली. सकाळीच झरोक्यातून वरच्या बाणावर काठी टेकवली असती, तर आत्तापर्यंत ते लोहाऱ्यात पेढा खात बसले असते. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आपणही सांगू नये.

लाईट आली बारा वाजून दहा मिनिटांनी. त्यांनी बटण दाबून धरून आधी चन्नबसप्पांना मोटरच्या आठवणीतनं पुसलं. मग नवा रिमोट शिकवला. एकदा दाबला, शटरनं ओळखला. दुसऱ्यांदा दाबला, आणि शटर त्यांना आत ठेवून अदबीनं खाली आलं. अंधारात, पोत्यांच्या शेजारी उभे राहून ते लहान मुलासारखे हसले. मग त्यांना एसटीची आठवण झाली.

तेवढ्यात फोन वाजला. कुलदीपचा व्हिडिओ कॉल होता, पण लोखंडी शटराआड आवाज तुटत होता. बब्रुवानरावांनी रिमोट दाबला, शटर वर गेलं आणि लोहारा स्वच्छ दिसू लागला. फुलांचा पाळणा, चार बायका, आणि बाळाच्या कानाशी वाकलेली शिवांजली. तिचे ओठ हलले. सृष्टी. त्यांचे डोळे भरून आले.

पाळण्याभोवतीचा गलबला जरा थांबला. लोहाऱ्याची सगळी मंडळी फोनकडं बघू लागली, तसा बब्रुवानरावांनी घसा साफ केला.

"मंडळी, शरीरानं मी हितं असलो तरी मनानं त्या पाळण्यापाशीच हाय. आजोबा दूर हाय असं तिला कदी वाटू नये. माझा हा चेहरा तिच्या पयल्या आठवणीत राहावा—"

"अहो," तिकडून मथुराबाई म्हणाल्या, "तेवढा फोन जरा सरळ धरा. मघाधरनं नुसतं कपाळ दिसायलंय."