रामटेके सरांची एक चिठ्ठी

रामटेके सर कुठलीही चिठ्ठी भिंतीवर लावण्याआधी ती चालून दाखवायचे. हातात पिशवी, कमरेत वाक, एक पाय किंचित ओढत. भंडाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात साठीचा हा माणूस लाखांदूरहून दवाखान्यात येणारी म्हातारी व्हायचा, आणि आम्ही चार प्रोग्रामर हसू दाबत बघायचो. ते स्वतः कधी हसत नसत.

आम्ही डायलिसिसच्या पेशंटसाठी ॲप बनवत होतो. सर पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून निवृत्तीनंतर जवळच्या अड्याळला, आपल्या गावी, परतले होते. एसटीने येऊन आम्हाला 'स्टोरी मॅप' शिकवत. भिंतीवर वरच्या ओळीच्या चिठ्ठ्यांत पेशंटचा दिवस: घरून निघाली, नंबर लागला, उपचार झाले. प्रत्येक पायरीखाली ॲपनं करायची कामं, गरजेचं वर. मग आडवी दोरी. तिच्या वरचं आधी बनवायचं, खालचं नंतर.

मी रंगीत आलेखांचा आग्रह धरला. सर म्हणाले, "मंग? थे पाहून म्हातारी काय करते?" आलेख दोरीखाली गेले.

दोरी पक्की करायच्या दिवशी सरांनी उपचारांच्या पुढे आणखी एक चिठ्ठी लावली: 'घरी पोचली'. तिच्याखाली परतीच्या गाडीची वेळ आणि पोचल्याचा निरोप. दोन्ही दोरीच्या वर. मुदत तोंडावर आली होती. मी म्हणालो, "सर, दवाखान्याबाहेरचं आपलं काम नाही."

"मंग कोनाचं हाय?"

आवाज चढला नव्हता, तरी बाकीचे उठून चहाला गेले. सर खुर्चीत बसले आणि सांगू लागले. त्यांची बायको दोन वर्षं अड्याळहून एकटीच डायलिसिसला यायची. सर पुण्याहून रोज फोन करून वजन, रक्तदाब, सगळं विचारायचे. परतीची गाडी चुकली की ती स्टँडच्या बाकावर तासन्‌तास पडून असायची, हे त्यांना ती गेल्यावर शेजारणीनं सांगितलं.

"सारं इचारलं मी तिले," ते म्हणाले. "घरी कशी येतेस, येवढं नाही इचारलं."

मुदतीत बसावं म्हणून मी दोरीवरच्या माझ्या तीन चिठ्ठ्या काढून खाली लावल्या.

ॲप सुरू झालं त्या दिवशी लाखांदूरच्या एका बाईंचा घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत सर जागचे हलले नाहीत. तोवर सरांची परतीची गाडी निघून गेली होती. मी मोटरसायकलनं त्यांना अड्याळला सोडलं. अंगण झाडलेलं होतं, दाराला कुलूप. कुलूप काढून ते माझ्याकडे वळले.

"येतोस का आत?" म्हणाले. "चाय मांडतो."