सुतारकाकांची प्रेमळ सुधारणा

सुतारकाका सलग चार रविवार उपासनेला गैरहजर राहिले, ही बाब चर्चच्या मंडळीच्या प्रेमळ सुधारणा समितीने अत्यंत गांभीर्याने घेतली. आजाऱ्यांना भेटणारीही एक समिती होती. पण सुधारणेचं काम वाढल्याने तिचे सगळे सभासद इकडे वर्ग झाले होते. म्हणून एके काळी चर्चची घंटा वाजवणाऱ्या, आता अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना रविवारी भरवायला काका जात. आजोबांची लेक नर्स, आणि तिची नेमकी रविवारी ड्युटी.

शास्त्रातला नियम साफ होता : चुकलेल्या भावाला आधी एकट्याने, एकान्तात समजवावं. त्यानुसार समितीचे सातही जण एकेकटे आजोबांच्या खोलीवर आले. त्यासाठी त्यांनी उपासना बुडवली, पण ती कर्तव्यावरची रजा धरण्यात आली.

"आजोबा, जरा भिंतीकडे तोंड करता का? एकान्त लागतो," समितीचे चिटणीस म्हणाले.

आजोबांनी त्या सकाळी सात वेळा कूस बदलली.

"काका, प्रेमापोटी सांगतोय, राग मानू नका."

"अहो, पण यांना भरवणार कोण?"

"तो विषय आमच्या समितीकडे येत नाही."

दुसऱ्या पायरीला दोन साक्षीदार लागतात. एक ऐनवेळी आला नाही, तेव्हा जबाबाखाली आजोबांचाच अंगठा घेतला : 'सदर बंधू उपासनेच्या वेळी उपासनेत नव्हते, हे मी माझ्या खाटेवरून प्रत्यक्ष पाहिले आहे.'

मग अख्ख्या मंडळीपुढे ठराव झाला : येत्या रविवारी काका दिसले नाहीत, तर प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारस, बंद. काकू गेल्यापासून तेवढ्या एका मेजाशी काकांना आपण कोणाचे तरी आहोत असं वाटायचं.

"जा रे तू," आजोबा म्हणाले. "दोन महिने इकडे कुत्रं फिरकलं नव्हतं, तुझ्या पापाने माझं घर भरलं. एक रविवार काढीन मी कसाबसा."

काका गेले. "बंधू सुधारले," असं चिटणीसांनी वाचून दाखवलं. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी मेजावरच्या भाकरीला हात घातला, तोच काका उभे राहिले.

"आत्ता आजोबांजवळ कोण आहे?"

चिटणीसांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी समितीकडे. समितीने मागच्या बाकांकडे, आणि मागच्या बाकांनी दाराकडे. दाराशी तुम्ही उभे होता, आणि तुम्ही घड्याळ बघत होता.