टारमॅकमधली खडी

रस्ता नवा झाला की गजभियेकाका त्यावर उकिडवे बसून तळहात टेकवायचे. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये, भर चौकात, ऑफिसच्या कोटासकट. काकू म्हणायच्या, "अहो, उठा, लोक बघतात." त्यांची बारा वर्षांची अस्मिता दहा पावलं पुढे निघून जायची, हा माणूस आपला कुणीच नाही अशा चालीनं. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी घाबरून अॅम्ब्युलन्स बोलावली. रक्तदाब मोजून घेता घेता काकांनी त्या लोकांना टारमॅक शब्दाचं मूळ सांगितलं. रक्तदाब उत्तम निघाला.

२००५च्या सुमारास मी तिथे पीएचडी करत होतो आणि रविवारी जेवायला त्यांच्याकडे असायचो, म्हणून ते मूळ मला तोंडपाठ आहे, सुरुवातीच्या आल्झोसकट, म्हणजे जर्मन 'तर मग'सकट. "आल्झो, टार म्हणजे डांबर. मॅक म्हणजे एका स्कॉटिश इंजिनिअरच्या आडनावाचा तुकडा. त्यानं बारीक फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ता केला, पुढच्यांनी त्यात डांबर घातलं. आपण उभे आहोत तो अस्फाल्ट. त्याला टारमॅक म्हणू नका." विमानात पायलटनं तो शब्द वापरला, तर काका एअर होस्टेसला बोलावून दुरुस्ती सुचवायचे.

एवढं बोलणारा माणूस स्वतःच्या गावाबद्दल मात्र अवाक्षर काढत नसे. मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

एका रविवारी अस्मिता शाळेतल्या रेफराटची, म्हणजे वर्गापुढच्या भाषणाची, तालीम करत होती. विषय अर्थात बापानं गळ्यात मारलेला, टारमॅक. ती जर्मनमध्ये बोलत होती, काका जेवता जेवता "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत होते. मध्येच थांबून तिनं जर्मनमध्येच विचारलं, पण ती खडी फोडायचं कोण?

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आमच्याकडे तुझी आजी फोडायची," ते म्हणाले. "दुष्काळात, गावच्या रस्त्यावर. मुकादम लोखंडी कडी घेऊन यायचा. कडीतून गेली नाही ती खडी पुन्हा फोडायची. डांबर पडलं त्या दिवशी मला घेऊन गेली. गरम होतं अजून. म्हणाली, हात लावून बघ, हा रस्ता माझा."

अस्मितानं पेन उचललं. "नाव?"

"सखूबाई."

तिनं ते इंजिनिअरच्या नावाखाली लिहिलं. मी ताटाकडे बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं.

पुढच्या आठवड्यात स्टेशनजवळचा रस्ता नवा झाला. काका बसले. अस्मिता सवयीनं पुढे गेली, थांबली आणि परत आली. त्यांच्या शेजारी बसून तिनंही हात टेकला.

"आजीची खडी," ती अडखळत मराठीत म्हणाली, "केवढी होती?"

काकांनी रस्त्यावरचा हात उचलला आणि बोटांची कडी करून दाखवली.