उंबरा ओलांडलेले सात

आठवीच्या वर्गात सहा बाकं होती आणि सहाही रिकामी. सप्टेंबर लागला की गावातल्या अंगणाअंगणांत लाल गोड्या मिरच्या भाजल्या जातात, त्या सोलायला मुलं लागतात, आणि वर्षभर पुरणाऱ्या आयवारची, म्हणजे त्या मिरच्यांच्या चटणीची, कढई चढली की गणिताला कोण विचारतो. पण यंदा पंधरा ऑक्टोबरला परीक्षा होती. सहाही जण गणितात पास झाले नाहीत, तर आठवी इथून उठणार आणि मुलांना रोज पहाटेच्या बसने शहर गाठावं लागणार.

मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या फोनवर धाडायची, असं गणिताच्या बिसेर्काबाईंनी ठरवलं. धडे चित्रित करायचे आणि नेटवर फुकट टाकायचे. रेंज मात्र अंगणातल्या अक्रोडाखालीच मिळे, आणि अक्रोडाखाली सासूबाईंची चूल होती.

"आई, जरा सरकता का?"

"कढई सोडली की बुडाला लागतं, सूनबाई. तू शिकव तुझं. मी पाठ करून बसते. तसंही तोंडाला काजळी आहे."

पहिला धडा संध्याकाळपर्यंत चारशे जणांनी पाहिला. बाईंचा ऊर भरून आला. मग त्यांनी खालचे अभिप्राय वाचले.

"मागच्या आजी आयवारात वांगं घालतात का?"

"घालत असतील तर धडा बघण्यात अर्थ नाही."

"आमच्याकडे घालतात. आम्हीही माणसंच आहोत."

गणितवाला एकच होता: "फळा थोडा डावीकडे घ्या, कढई झाकली जातेय."

बाई रागावल्या. पुढचा धडा त्यांनी घरात, कोऱ्या भिंतीपुढे घेतला. तो दोघांनी पाहिला. एक त्या स्वतः, दुसरे त्यांचे यजमान, आणि तेही मध्येच झोपले.

सकाळी शेजारची कलिना कुंपणाशी आली. तिचा मुलगा आठवीतच होता. "बाई, घरात फोन एकच, तोही माझा. ढवळताना मी तो समोर ठेवते. आजी दिसल्या की सोबत होते, आणि पोरगंही शेजारी बसून बघतं. नुसती भिंत मी कशाला बघू?"

बाई मुकाट्याने अक्रोडाखाली परतल्या. मिरच्या सुटत गेल्या सालींतून, संख्या सुटत गेल्या कंसांतून. धुराची एक बट फळ्यावरून रोज हात फिरवून जाई.

एकदा तो धूर बाईंच्या डोळ्यात गेला. फळ्यावर होतं: ३क्ष − ७ = २क्ष + ५. डोळे पुसत बाईंनी उत्तर लिहिलं, क्ष बरोबर उणे दोन.

"सूनबाई," मागून आवाज आला, "सात पलीकडे गेले, तरी उणेच कसे राहिले?"

बाईंनी उणे दोन पुसलं.

"उंबरा ओलांडला की लेकीचं आडनाव बदलतं ना? तसं त्यांचं चिन्ह बदलायचं. बारा येतात."

"आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तूच. पाठ केली होती मी. कान कुठे फिरवता येतात?" उलथनं कढईत एक फेरा फिरलं. "चौथीतून काढलं मला. मिरच्यांचेच दिवस होते."

तो तुकडा कापून टाकणं बाईंच्या जिवावर आलं. धडा तसाच गेला.

परीक्षेत सहाही जण पास झाले. शहरातून तपासनिसांचा फोन आला. "बाई, सगळ्यांनी समासात 'उंबरा' असं लिहिलंय. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आमच्या अंगणात," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी वर्षातली शेवटची कढई चढली होती. बाईंनी फोन चित्रीकरणाला लावला आणि खडू सासूबाईंपुढे धरला. म्हातारीने तो घेतला नाही, आधी हात एप्रनला पुसले, दोनदा.

"तोंडाला काजळी आहे गं."

"असू दे."

"आणि ढवळणार कोण?"

बाईंनी उलथनं उचललं आणि फोनकडे पाठ करून बसल्या.

संध्याकाळी पहिला अभिप्राय आला: "धडा छान समजला, आजी. पण मागे ती जी कोण बसवलीय, तिचं बुडाला लागतंय."