गिटार शांतवन देवमाने, इयत्ता सातवी

आमच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या गिटारचं नाव जून महिन्यात नगरपालिकेच्या शाळेत सातवीच्या हजेरीपटावर लागलं, आणि ती पहिल्या दिवसापासून गैरहजर राहिली.

गिटार शांतवनकाका देवमाने यांची. काका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता घरी असतात. गिटार अंगाने अगदी लहान, कमरेत बारीक, लाकूड मधासारखं पिवळं पडलेलं. तिच्या पाठीचा जोड सुटला होता म्हणून मी तो सरसाने चिकटवून, दोरीने आवळून तिला फळीवर ठेवलं होतं. आमच्याकडे खरं तर सतारी आणि तंबोरेच होतात, पण काकांना आम्ही नाही म्हणत नाही.

मे महिन्यात त्या शाळेच्या कुंभोजकर बाई शाळाबाह्य मुलं मोजत आमच्या गल्लीत आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "इथं शाळेत न जाणारं कुणी लहान आहे का?"

आमचे उस्ताद बाबालालभाई यांना कमी ऐकू येतं. त्यांना फक्त 'लहान' एवढंच ऐकू आलं. त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "ही एक लहान आहे बघा. पण दांडी लांब. कान पिळावे लागतात, मग येते वळणावर."

आमच्या धंद्यात वाद्याच्या गळ्याला दांडी म्हणतात आणि खुंट्यांना कान. बाईंनी लिहिलं : दांड्यांचं प्रमाण जास्त, शिस्तीची गरज. पालकांचं नाव उस्तादांनी सांगितलं. जन्मतारखेसाठी मी गिटारच्या पोटात बॅटरी मारून आतली चिठ्ठी वाचली. तिच्यावर नुसतं १९३४ होतं. बाईंनी त्याच्या आधी एक जून घातला, कारण तारीख माहीत नसली की एक जूनच घालतात. वय जास्त म्हणून तिला शाळेतल्या सगळ्यांत वरच्या वर्गात, सातवीत, टाकलं.

चोवीस दिवसांच्या गैरहजेरीनंतर काकांना नोटीस आली. मुलगी आणखी आठवडाभर शाळेत न आल्यास तिला तालुक्याच्या निवासी शाळेत पाठवण्यात येईल, असं तिच्यात होतं. तिथून फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात घरी सोडतात.

काका नोटीस घेऊन दुकानात आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तो हात पुरता उचलत नाही. मोठी गिटार मांडीवर घेतली की हात तिच्या कडेवरच अडकतो, तारांपर्यंत पोचत नाही. या लहान गिटारवर पोचतो. रोज वाजवत राहा, नाहीतर हात जाईल, असं डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. दुरुस्तीच्या काळात बोटं आखडायला लागलीच होती.

"इलाही, पोरीला नेणार म्हणतात रे," काका मला म्हणाले.

"मी काय खोटं सांगितलं काय?" उस्ताद म्हणाले. "दांडी लांब आहेच तिची."

"तुम्ही गप्प बसा भाई. तुमच्या कानापायी माझा हात चाललाय."

उस्तादांना ऐकू येत नाही, काकांची जीभ बोलताना अडखळते. राहिलो मी. शिक्षकांसमोर मला बोलायला सुचत नाही, पण दुसरं कुणी नव्हतं. सकाळी दोरी सोडली, जोड पक्का बसला होता. गिटार चादरीत गुंडाळून मी शाळेत गेलो.

बाई हजेरी घेत होत्या. "गिटार देवमाने," त्या म्हणाल्या.

मी दारातून तिच्या वतीने "हजर" म्हणालो.

"आली एकदाची. बसव तिला."

अल्फिया नावाच्या मुलीने दप्तर मांडीवर घेऊन बाकावर जागा केली. दोन तास मी व्हरांड्यात उभा राहिलो. दुपारी खिचडी आली तेव्हा गिटारपुढेही ताटली ठेवली, कारण हजेरी लागली होती. अल्फियाने थोडा वेळ वाट पाहिली.

"दादा, ही खाणार नसेल तर मी खाऊ?"

मी म्हणालो, खा.

जेवणानंतर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापकांचा कारभारही त्यांच्याकडेच होता.

"बाई, तिचं नाव कमी करायचं होतं," मी म्हणालो.

"नाही होणार. पट वीस आहे. ती गेली की एकोणीस. एकोणीसची शाळा बंद करतात आणि मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवतात. त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर कसे जातात, तू बघतोस ना?"

"पण ती नव्वदीची आहे."

"वय कमीत कमी किती हवं ते लिहिलंय. जास्तीत जास्त किती, ते लिहायचं राहिलंय. मी परिपत्रक दोनदा वाचलंय."

"तिला पाढे येत नाहीत."

"मागच्या बाकावर कुणाला येतात? ही निदान गप्प बसते."

मी जमिनीकडे बघत काकांच्या हाताबद्दल सांगितलं. सलग सांगता आलं नाही. आधी डॉक्टर सांगितले, मग वारं, मग आखडलेली बोटं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला त्यांचा हात घालवायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण मला वीस लागतात. तिच्या जागी कुणीतरी दे."

"मी कुठून देऊ?"

"तुझं शिक्षण किती?"

"सहावी पास. सातवीत होतो, मग वडील गेले. मग दुकानातच."

"दाखला नेला होतास?"

"नाही."

"म्हणजे तू शाळाबाह्यच आहेस." बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच बरं वाटल्यासारखं काही दिसलं.

"मी तेवीस वर्षांचा आहे बाई."

"तिच्याहून पुष्कळ लहान आहेस. दांड्या मारशील?"

"नाही."

"मग झालं."

त्यांनी गिटारचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. वर्तणूक : शांत. प्रगती : सांगता येत नाही. शाळा सोडण्याचं कारण : पालकांची प्रकृती. मग त्याच शाईने पटावर माझं नाव घातलं. पट वीसच राहिला.

संध्याकाळी उस्तादांना घेऊन मी काकांच्या घरी गेलो आणि गिटार त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून तिच्या अंगावर ठेवला आणि हळूहळू खाली सोडला. बोटं तारेवर पोचली. आधी एकच तार वाजली, मग दोन. काकूंनी स्वयंपाकघरातला गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसल्या. उस्तादांना ऐकू आलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

आता मी दुपारपर्यंत शाळेत असतो आणि नंतर दुकानात. बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून बाईंनी बाकाखाली दोन विटा लावून दिल्या. भूगोल बरा जातो, इंग्रजी कच्चं आहे. पहिल्या चाचणीचं प्रगतिपत्रक मिळालं तेव्हा पालक म्हणून शांतवनकाकांनी सही केली, उजव्या हाताने. सही जरा वाकडी आली. बाईंनी ती चालवून घेतली.