तावड्यांची लोखंडी वाटी

पंगतीत पान मांडलं की तावडे आधी वाटी उपडी करतात. अंगठ्याने तिचा फुगीर भाग चाचपतात आणि शेजारच्याला सांगतात, "हिच्यात मूठ मावायची नाय."

बाळांनो, हे तावडे मुलुंडला आमच्या वरच्या, शेवटच्या मजल्यावर राहतात. जन्मभर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग लोकांच्या ढालींचं लोखंडी सामान करू लागले. ढालीच्या मधोमध एक वाटी असते, ती मागची मूठ वाचवते. डेन्मार्कमधले हौशी लोक ती मागवतात. पत्रा भट्टीत लाल करायचा, ओंडक्यातल्या खळग्यावर धरायचा आणि ठोकून ठोकून फुगवायचा. सगळं गच्चीवर.

"भावोजी, मशीनवर दाबून घ्या की," मी एकदा म्हटलं.

"तेव्हा मशीन कोणाच्या बापाकडे होतं, वहिनी?"

एकदा एक वाटी ठोकताना फाटली, तर सुतक असल्यासारखे चार दिवस दाढी न करता फिरले.

माझी दुपारची झोप मोडायची. मी आठवडाभर ठोक्यांच्या वेळा वहीत टिपल्या आणि कमिटीला इंग्रजीत दोन पानी तक्रार दिली, मुद्द्यांना आकडे घालून, खाली ठसठशीत सही करून. कमिटीने तो कागद तावड्यांच्या हातात दिला आणि ठोकणं बंद झालं. तावड्यांनी मुकाट्याने सामान भांडुपला मित्राच्या शेडमध्ये हलवलं. त्या दुपारी मी छान झोपले. हे लिहिताना लाज वाटते.

पंधरवड्याने मी त्यांच्या बायकोकडे, सुलभाकडे, लाडू घेऊन गेले. काचबिंदूने तिची नजर गेली आहे.

"आलात?" तिने विचारलं.

"मी गं."

"ये, बस. वर ठोके पडायचे तोवर कळायचं, हे आहेत. थांबले की समजायचं, पाणी प्यायला खाली येणार. आता दिवसभर नुसता पंखा ऐकते. कोणी केली गं ती तक्रार?"

मी डब्याचं झाकण उघडत राहिले.

तेवढ्यात तावडे आले. तिने त्यांनाच विचारलं, "अहो, कोणाचं नाव होतं त्या कागदावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डेन्मार्कच्या गिऱ्हाइकांशी हा माणूस रोज इंग्रजीत लिहून हुज्जत घालतो.

"इंग्रजीत होतं सगळं. आपल्याला कुठे वाचता येतंय?" चपला काढत ते म्हणाले. मग माझ्याजवळून स्वयंपाकघरात जाताना हळूच म्हणाले, "बसा वहिनी, चहा टाकतो. तिच्याकडे येणारं दुसरं आहे कोण?"

मी तो चहा प्यायले. तक्रार दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. सुलभाला मात्र अजून सांगता आलेलं नाही.